जहाज दोन दिवस उशिरा आलं तर?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या सरांच्या वर्गात मी दोन वर्षं बसलो. गणित बरोबर सुटलेलं असलं तरी वहीवर खूण करण्याआधी सर पेन थांबवायचे आणि विचारायचे, "उत्तर आलं. पण गृहीत काय धरलंस?" तेव्हा आम्हाला तो छळ वाटायचा. पुढे माझी नोकरीची सगळी वर्षं नैसर्गिक वायूच्या पुरवठ्याची मॉडेलं बांधण्यात आणि मोडण्यात गेली. वर्गात शिकलेली बहुतेक सूत्रं विसरलो, हा प्रश्न मात्र अजून सोबत आहे. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचाच विस्तार आहे असं समजा.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करू. आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे आता पाइपचा गॅस आला असेल. सिलिंडर होता तेव्हा ज्योत मंदावली की घरातलं कुणीतरी टाकी दोन्ही हातांनी धरून जरा तिरकी करायचं, हलवून बघायचं आणि निकाल द्यायचं, "काढेल अजून चार दिवस." पाइपचा गॅस हलवून बघता येत नाही. भिंतीतून नळी येते, मीटर फिरतो, बिल येतं. मागे किती शिल्लक आहे, ते या मीटरला माहीत नसतं आणि आपल्यालाही. मग "अजून चार दिवस" हे सांगायचं कुणी? साऱ्या देशाची टाकी हलवून बघायची तर ती धरायची कुठे? सिम्युलेशन ही ती टाकी हलवून बघण्याची रीत आहे. खऱ्या साखळीला हात न लावता तिची एक चालती प्रतिकृती गणकयंत्रात उभी करायची, तिला धक्के द्यायचे आणि काय डचमळतं ते पाहायचं.

धोरण ठरवणाऱ्यांना मॉडेलकडून बहुधा पंचांग हवं असतं. अमुक साली किती गॅस लागेल तेवढं सांगा, मुहूर्त आम्ही काढतो. माझा अनुभव असा की मॉडेल हे पंचांग म्हणून फार कच्चं आणि रंगीत तालीम म्हणून फार उपयोगी असतं. रंगीत तालमीत कुणाचा प्रवेश चुकतो, कुठलं दार अडकतं, दिवा नेमका कधी उशिरा लागतो हे कळतं. तिकिटं किती खपतील हे कुठल्याच तालमीतून कळत नाही. आपण गेली काही दशकं तालमीला तिकिटांचा अंदाज विचारत आलो आणि अडकणारी दारं तशीच राहिली, हे मला आज सांगायचं आहे.

आधी ही साखळी कशी आहे ते थोडक्यात पाहू. १९७४ च्या फेब्रुवारीत समुद्रात विहिरी खोदणाऱ्या 'सागर सम्राट' या रिगला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राखाली तेल लागलं. १९७६ मध्ये त्या मुंबई हाय क्षेत्राचं उत्पादन सुरू झालं. तेलाबरोबर वर येणारा गॅस सुरुवातीला बराचसा समुद्रातच जाळला जायचा, कारण तो आणायला नळ्या अपुऱ्या होत्या आणि घ्यायला गिऱ्हाईक नव्हतं. पुढे तो उरणला येऊ लागला. वसईच्या समुद्रातला गॅस हजिऱ्याला आला आणि १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'गेल' या सरकारी कंपनीनं तो हजिरा, विजयपूर, जगदीशपूर अशा मोठ्या वाहिनीनं उत्तरेत नेला. त्या वाहिनीच्या काठाकाठानं खतांचे कारखाने उभे राहिले. २००४ पासून दहेजला कतारचा गॅस जहाजानं येऊ लागला. उणे १६२ अंश सेल्सिअसला थंड केला की गॅसचा द्रव होतो आणि त्याचं आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटतं. हाच एलएनजी. आज देशाला लागणाऱ्या गॅसपैकी साधारण निम्मा असा बाहेरून येतो.

विहीर, शुद्धीकरण, जहाज, बंदरावरची टाकी, मोठी वाहिनी, शहराचं जाळं, चूल. या प्रत्येक कडीचा मालक निराळा, हिशेबाची वही निराळी. प्रत्येक जण आपापली वही चोख ठेवतो. सगळ्या वह्या एकत्र उघडून पाहणारं कुणी नसतं. त्यातून युरोप-अमेरिकेत जशी भूगर्भातली प्रचंड साठवण असते, तशी आपल्याकडे नाही. आपली साठवण म्हणजे बंदरावरच्या टाक्या आणि नळीतच दाबाखाली भरून राहिलेला गॅस, ज्याला या धंद्यात लाइनपॅक म्हणतात.

आता एक छोटी तालीम इथेच करू. त्यासाठी मी खिशात सापशिडीचा फासा आणला आहे. एक कागदावरचं बंदर घ्या. वर्षाला ५० लाख टन एलएनजी उतरवणारं. म्हणजे रोज साधारण ३० हजार घनमीटर द्रव टाकीतून बाहेर काढून, तापवून, गॅस करून नळीत सोडायचा. टाकीत वापरण्याजोगा साठा पूर्ण भरल्यावर ३ लाख घनमीटर, म्हणजे दहा दिवसांचा. एका जहाजात दीड लाख घनमीटर माल, म्हणजे पाच दिवसांचा. दर पाच दिवसांनी एक जहाज, वर्षाला ७३. वहीत हिशेब बरोबर जुळतो. अहवालात लिहिता येतं की बंदराकडे दहा दिवसांची साठवण आहे आणि पुरवठा मागणीइतका आहे.

आता समुद्र आणा. एक जहाज रिकामं झालं की पुढचं किती दिवसांनी येईल ते फाशावर ठरवू. १ पडला तर तीन दिवसांनी, २ पडला तर चार, ३ किंवा ४ पडला तर ठरल्याप्रमाणे पाच, ५ पडला तर सहा आणि ६ पडला तर सात. सरासरी तीच, पाच दिवस. काल रात्री घरी जेवणाच्या टेबलावर मी डाव मांडला. ६, ४, ५, ६, ३, ६ असं दान पडलं. टाकी भरलेली, दहा दिवसांची. पहिलं जहाज सात दिवसांनी आलं, तेव्हा टाकीत तीन दिवसांचा साठा होता. पाच ओतले, आठ झाला. पुढचं वेळेवर आलं, पुन्हा आठ. तिसरं सहा दिवसांनी, सात झाला. चौथं सात दिवसांनी. ते धक्क्याला लागलं त्या दिवशी टाकी नेमकी रिकामी. पाच ओतले, पाचवं जहाज वेळेवर आलं तेव्हाही तळ दिसतच होता. सहावं सात दिवसांनी आलं. त्याआधीचे दोन दिवस नळीत सोडायला काहीच नव्हतं. सदतीस दिवसांत बंदर कोरडं.

तुम्ही म्हणाल, नशीब वाईट होतं. एका डावापुरतं ते खरं आहे. पण शंभर डाव खेळा, गणकयंत्रावर लाखभर खेळा, एक गोष्ट पुनःपुन्हा दिसेल. टाकी भरलेली असताना जहाज लवकर आलं, तर त्याला माल उतरवायला जागा नसते. ते समुद्रात उभं राहतं आणि खोळंब्याचं भाडं, म्हणजे डेमरेज, चढत राहतं. लवकर येण्याचा फायदा भरल्या टाकीच्या काठावर सांडून जातो. उशिराचं नुकसान मात्र साठत जातं. सरासरीत दोन्ही समान दिसतात, टाकीला ते समान नसतात. कारण टाकीला घटनांचा क्रम आठवतो आणि सरासरीला तो आठवत नाही.

ही तालीम उपायही सुचवते आणि प्रत्येकाची किंमत सांगते. आणखी एक टाकी बांधा. बंदर पूर्ण क्षमतेनं न चालवता थोडं कमी चालवा. किंवा ज्याला दोन दिवस गॅस नसला तरी चालेल असं गिऱ्हाईक शोधा आणि थांबण्याबद्दल त्याला आधीच दरात सूट द्या. यातलं काय निवडायचं हा अभियंत्यांचा प्रश्न उरत नाही, कारण प्रत्येक उपायाचं बिल वेगळ्याच कुणाच्या दारात जातं. तिथून धोरण सुरू होतं.

साखळीतल्या उशिराचा अभ्यास जुना आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्यांच्या साठ्यांमधले चढउतार समजून घेण्यासाठी सिस्टिम डायनॅमिक्स ही पद्धत उभी केली. त्यांच्या शाळेतून एक खेळ निघाला, जो आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत खेळतात. बिअरचा किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना अशा चार भूमिका. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच चार पेट्यांवरून आठवर जाते आणि तिथेच राहते. एवढ्यावर खेळणारे आधी टंचाईनं ओरडतात, घाबरून दुप्पट-तिप्पट मागण्या नोंदवतात आणि काही आठवड्यांनी न खपलेल्या मालाखाली दबतात. कुणीच मूर्खपणा केलेला नसतो. प्रत्येक जण आपल्या खिडकीतून दिसतं तेवढ्यावर शहाणपणानं वागलेला असतो.

नैसर्गिक वायूला ही दृष्टी लावणाऱ्यांत रॉजर नेल हे नाव महत्त्वाचं. त्यांच्यापुढे अमेरिकेचंच उदाहरण होतं. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं विहिरीच्या तोंडाशी गॅसचा दर ठरवण्याचं काम केंद्रीय यंत्रणेकडे आलं. दर कमी राहिले. गिऱ्हाईक खूश झालं, घरोघरी गॅसच्या भट्ट्या लागल्या, वापर वाढला. त्याच कमी दरामुळे नव्या विहिरी खोदण्यात राम उरला नाही. याचा परिणाम लगेच दिसला नाही, कारण जुन्या साठ्यातून गॅस येतच होता. साठा हा असा दगाबाज असतो. तो चूक वर्षानुवर्षं झाकून ठेवतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नव्यानं सापडणारा गॅस वापरापेक्षा कमी पडू लागला आणि १९७७ च्या कडक हिवाळ्यात उत्तरेकडच्या राज्यांत शाळा आणि कारखाने बंद ठेवायची वेळ आली. त्याच वेळी टेक्सासमध्ये, जिथे राज्यातल्या राज्यात विकलेल्या गॅसला ते नियंत्रण नव्हतं, गॅस मिळत होता. १९७८ मध्ये कायदा बदलला. तोवर तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ आली होती आणि इथे ती म्हण शब्दशः खरी होती. दर वाढवला म्हणून उद्या गॅस येत नाही. शोध, खोदाई, नळी यात वर्षं जातात.

नेल यांनी दर, वापर, शोध आणि साठा यांची ही गुंतलेली चक्रं मॉडेलमध्ये बसवली. त्यातूनच पुढे अमेरिकेच्या ऊर्जा खात्यात वापरलं गेलेलं फॉसिल-२ हे मॉडेल उभं राहिलं. मला त्यात भावतं ते त्याचं गणित नव्हे, ते तसं साधंच होतं. कमी दराचा आनंद आणि पुढच्या टंचाईचं दुःख ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत, हे त्यानं एका आलेखावर दाखवलं.

आता घरी येऊ. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रात २००२ मध्ये मोठा साठा सापडला. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं. नियोजन रोज ८० दशलक्ष घनमीटरचं होतं. ते २०१० मध्ये साठीच्या आसपास पोचलं आणि तिथून घसरत २०१३ पर्यंत पंधराच्याही खाली आलं. मधल्या काळात त्या ८० वर विसंबून वीजकेंद्रं उभी राहिली होती. २०१९ च्या सुरुवातीला संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीनं गॅसवाचून अडकलेल्या केंद्रांचा आढावा घेतला, तेव्हा ती क्षमता १४ हजार मेगावॉटहून अधिक होती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण सगळ्यांना पाठ होती. पण पोहरा बांधणाऱ्याच्या कागदावर आडातलं पाणी हा एक ठरलेला आकडा होता. त्या आकड्याखाली शक्यतांचा पट्टा नव्हता. ऐंशीऐवजी चाळीस आले तर काय, वीस आले तर काय, या तालमी झाल्या असत्या तर केंद्रं कदाचित तरीही उभी राहिली असती. फक्त बँकांनी कर्ज देताना तो प्रश्न विचारला असता.

कोचीची गोष्ट उलट्या टोकाची. तिथे गॅस येऊ शकत होता, जाऊ शकत नव्हता. वर्षाला ५० लाख टन क्षमतेचं टर्मिनल २०१३ मध्ये तयार झालं. तिथून गॅस पुढे नेणारी मंगळुरूची वाहिनी जमीन देण्याला झालेल्या विरोधात अडकली आणि तिचं उद्घाटन झालं जानेवारी २०२१ मध्ये. मधली कित्येक वर्षं टर्मिनल क्षमतेच्या दहा टक्केही चाललं नाही. टर्मिनलच्या मॉडेलमध्ये वाहिनी गृहीत होती आणि वाहिनीच्या मॉडेलमध्ये शेतकऱ्याचा होकार.

आणि आपलं दाभोळ. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलला जाऊन समुद्राकडे तोंड करून उभे राहा, म्हणजे पुस्तकातल्यापेक्षा जास्त समजेल. जूनच्या पहिल्या वाऱ्यात त्या किनाऱ्यावर लाट कशी येते, ते तिथला कुठलाही मच्छीमार सांगेल. तो स्वतः होडी वर ओढून ठेवतो. एलएनजी टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं तेव्हा लाटा अडवणारा बांध अपुरा होता. त्यामुळे कित्येक वर्षं पावसाळ्यात जहाज धक्क्याला लावता येत नसे. कागदावरची क्षमता ५० लाख टन, प्रत्यक्षात हाताशी तीसच्याही आत. बारा महिन्यांनी भागाकार केला की दाभोळची मासिक सरासरी ठीक दिसते. फाशाऐवजी इथे पंचांगच होतं आणि नेमकं तेच पाहायचं राहिलं होतं.

त्याच जागी त्याआधी एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा वीजप्रकल्प होऊन गेला होता. १९९२ मध्ये प्राथमिक करार झाला. १९९३ मध्ये जागतिक बँकेनं हा प्रकल्प महाराष्ट्राच्या गरजेपेक्षा मोठा आणि महाग आहे म्हणून अर्थसाहाय्याला नकार दिला. तरीही १९९९ मध्ये नाफ्थ्यावरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये केंद्र बंद पडलं. एलएनजीवर चालायचा होता तो दुसरा टप्पा. वीज घ्या किंवा न घ्या, पैसे मोजा अशा धर्तीचा करार. विजेची मागणी भराभर वाढणार, या एका गृहीतावर तो सगळा डोलारा उभा होता. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं नंतर हे सगळं तपासलं. मला इथे आठवण काढायची आहे ती पुण्याच्या 'प्रयास' गटाची. गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात त्या कराराचं आकडेवारीनिशी विश्लेषण करून लोकांपुढे ठेवलं. त्यांच्याकडे महासंगणक नव्हता. त्याआधी बंगळुरूला अमूल्य रेड्डी यांनी कर्नाटकासाठी 'डिफेंडस' नावाची मांडणी केली होती. वीज किती निर्माण करायची यापेक्षा लोकांना दिवा, पाणी, उष्णता किती हवी इथून ती सुरू व्हायची. मॉडेल लहान असलं तरी गृहीतं उघडी असतील तर ते मोठ्या करारासमोर उभं राहू शकतं, हे या माणसांनी दाखवलं. २०१४ मध्ये नियोजन आयोगानं देशाच्या २०४७ पर्यंतच्या ऊर्जेचं एक गणित सर्वांसाठी खुलं केलं, ज्यात कुणीही आपापल्या निवडी बदलून परिणाम पाहू शकतो. मला ते त्याच परंपरेतलं वाटतं.

मॉडेलमध्ये काय धरलं हा एक प्रश्न. मॉडेलच्या बाहेर काय ठेवलं हा त्याहून अवघड. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाचं मोठं वादळ आलं. विजेचं जाळं तगवण्यासाठी चालकांनी भारनियमन केलं. ज्यांची वीज गेली त्यात गॅसच्या विहिरी आणि गॅस ढकलणारे कॉम्प्रेसरही होते. अत्यावश्यक ग्राहक म्हणून त्यांतल्या अनेकांनी नावच नोंदवलेलं नव्हतं. गॅस थांबला, त्यामुळे गॅसवर चालणारी आणखी वीजकेंद्रं थांबली, त्यामुळे आणखी वीज तोडावी लागली. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसं मेली. वीजवाल्यांच्या मॉडेलमध्ये गॅस हा भिंतीतून येणारा न संपणारा झरा होता. गॅसवाल्यांच्या मॉडेलमध्ये वीज तशीच. दोन्ही मॉडेलं आपापल्या खोलीत बरोबर होती.

चांगल्या तालमीचंही उदाहरण देतो. जानेवारी २००९ मध्ये रशिया-युक्रेन वादात युक्रेनमार्गे येणारा गॅस सुमारे दोन आठवडे बंद झाला. बल्गेरिया आणि स्लोव्हाकियाला भर थंडीत त्याचा फटका बसला. पश्चिमेकडे गॅस होता, पण वाहिन्या पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहायला बांधलेल्या होत्या. त्यानंतर युरोपीय संघाच्या २०१० च्या नियमावलीनं प्रत्येक देशाला एक कसोटी घालून दिली. सर्वांत मोठा एक मार्ग तुटला तरी कडक थंडीच्या दिवशी पुरवठा भागला पाहिजे. उलट दिशेनं गॅस नेण्याची सोय होऊ लागली. २०१४ मध्ये रशियाचा गॅस सहा महिने पूर्ण बंद झाला तर काय, याची युरोपभर एकत्र तालीम झाली. निष्कर्ष असा होता की देश एकमेकांना धरून राहिले तर घरं थंड पडणार नाहीत, आणि जो तो आपली टाकी सांभाळत बसला तर पडतील. २०२२ मध्ये खरा प्रयोग झाला. किंमत भयंकर मोजावी लागली, तालमीतली सगळी माणसं आपापल्या जागी उभी होती असंही नाही. पण कुठली दारं अडकतात हे आठ वर्षं आधी माहीत होतं.

त्या किमतीचा एक वाटा आपल्या बाजूच्या जगानंही भरला. आशियाई बाजारात एलएनजीचा तत्काळ खरेदीचा दर एप्रिल २०२० मध्ये दर दशलक्ष बीटीयूमागे दोन डॉलरच्या खाली होता. मार्च २०२२ मध्ये तो ऐंशीच्या वर गेला. युरोपनं जास्त पैसे देऊन जहाजं वळवली. पाकिस्तानच्या निविदांना कुणी बोलीच लावेना. बांगलादेशानं तत्काळ खरेदी थांबवली आणि भारनियमन केलं. गेलचा रशियन कंपनीच्या सिंगापूरमधल्या शाखेशी वीस वर्षांचा करार होता. त्या शाखेची जर्मनीतली पालक कंपनी जर्मन सरकारनं ताब्यात घेतली आणि २०२२ च्या मध्यापासून ती जहाजं यायची थांबली. आपल्याकडच्या मॉडेलमध्ये करारातलं जहाज म्हणजे आलेलंच जहाज असं धरलेलं असायचं. फासा कधी बर्लिनमध्येही पडतो, हे तेव्हा कळलं. जगातल्या एलएनजीचा साधारण पाचवा हिस्सा होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो आणि कतारहून आपल्याकडे येणारा सगळा तिथूनच येतो, हे त्या फाशाच्या शेजारी लिहून ठेवण्यासारखं आहे.

शेवटी या सगळ्यांतून एक प्रश्न उरतो, जो मॉडेल बांधणारे सहसा तळटिपेत टाकतात. गॅस कमी पडला तर नळ आधी कुणाचा बंद करायचा? प्रत्येक मॉडेलमध्ये कुठेतरी ही यादी असतेच, नाहीतर ते चालणारच नाही. आपल्याकडे घरची चूल आणि सीएनजी यांना स्वस्त देशी गॅस आधी द्यायचा, असं धोरण वर्षानुवर्षं आहे. तरीही २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जुन्या क्षेत्रांचं उत्पादन आटल्यानं सीएनजीसाठी मिळणारा तो वाटा कापला गेला आणि शहरांच्या गॅस कंपन्यांना महागडा गॅस घ्यावा लागला. त्या कपातीचा अर्थ रिक्षावाल्याला रांगेत कळला. ही यादी म्हणजे गणित नाही. खत आधी की वीज, रिक्षा आधी की काचेची भट्टी, हा समाजाचा निवाडा आहे. तो एखाद्या फाइलच्या चौथ्या रकान्यात, एका कनिष्ठ विश्लेषकानं दुपारी चार वाजता भरलेला असू नये.

देशाच्या एकूण ऊर्जेत गॅसचा वाटा आज सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि २०३० पर्यंत तो पंधरावर न्यायचं उद्दिष्ट जाहीर झालेलं आहे. ते गाठावं की नाही, यावर दोन मतं असू शकतात. नळ्यांतून निसटणारा मिथेन पहिल्या वीस वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशी पट तापवतो, हे ज्या मॉडेलात नाही, ते मॉडेल मला अपुरं वाटतं. पण उद्दिष्ट ठेवणारे आणि विरोध करणारे, दोघांकडूनही मला तीन गोष्टी हव्या आहेत. गृहीतं आकड्यांआधी छापावीत, सगळ्यांना समजतील अशा भाषेत. दर वर्षी मागच्या वर्षीच्या मॉडेलचा हिशेब जाहीर तपासावा. काय चुकलं आणि का, एवढाच. आणि तालमीला ज्यांच्या हाती झडप आहे ती माणसं खोलीत बसवावीत.

या तिसऱ्या गोष्टीचं कारण सांगून थांबतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीच्या नियंत्रणकक्षात मी आमचं नवं मॉडेल दाखवत होतो. मोठ्या पडद्यावर वाहिनीचा नकाशा, रंगीत ठिपके, दाबाचे आलेख. एका ठिकाणी गळती झाल्याची तालीम केली. मॉडेलनं त्याच क्षणी शेजारची झडप बंद केली, लाइनपॅक वाचला, पुढचं शहर तगलं. वरिष्ठांनी माना डोलावल्या. मागच्या खुर्चीवर रात्रपाळी संपवून बसलेले एक चालक होते. चहाचा पेला हातात धरून ते म्हणाले, "साहेब, ती झडप इथून बंद होत नाही. जीप जाते. दीड तास. किल्ली रखवालदाराकडे असते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं तर आणखी वेळ."

खोलीत थोडा हशा झाला. मला सर आठवले. आम्ही मॉडेलमध्ये दीड तास घातला, ओढाही घातला. पुन्हा चालवलं. या वेळी पुढचं शहर तगलं नाही. वीजकेंद्राला सहा तास आधी कळवलं असतं तरच ते तगत होतं, आणि तसं कळवण्याची पद्धतच तेव्हा कुठे नव्हती. पडद्यावरचे ठिपके एकामागून एक लाल होत गेले. वरिष्ठ गप्प झाले. ते चालक मात्र पुढे येऊन आलेख निरखत राहिले आणि पहिल्यांदाच समाधानानं म्हणाले, "हां, आता बरोबर. आता हे आमच्याइतकाच उशीर करतंय."